फाइंडनं शून्य दिलं, म्हणून फाइल सापडली असं नाही

रोज रात्री चालणारी एक छोटी स्क्रिप्ट डोळ्यांसमोर आणा. आजचा बॅकअप तयार झालाय का ते बघायचं, आणि झाला असेल तर सात दिवसांपेक्षा जुने बॅकअप उडवून डिस्कवर जागा करायची, एवढंच तिचं काम. लिहिणाऱ्यानं ती अशी लिहिली:

इफ फाइंड /बॅकअप -नेम "$आजची_फाइल"; देन
    जुने_बॅकअप_उडवा
फाय

(या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनंच टाइप करायच्या. चिन्हं आणि क्रम मात्र जसेच्या तसे.)

फाइंड ही फाइली शोधणारी कमांड. वाचताना कुठेच खटकत नाही. फाइल सापडली तर जुनं उडवा. चाचणीच्या दिवशी आजची फाइल जागेवर होती, जुन्या फाइली उडाल्या, स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या सोयीत) गेली. मग कधीतरी बॅकअप घेणारा प्रोग्रॅमच बंद पडतो. नवी फाइल तयार होत नाही, पण ही स्क्रिप्ट रोज रात्री इमानेइतबारे जुन्या फाइली उडवत राहते. आठवड्याभरात फोल्डर रिकामं. कुठे एरर नाही, लॉगमध्ये तक्रार नाही, क्रॉनच्या दृष्टीनं सगळं सुरळीत.

फाइंड इथे चुकलेलं नाही. त्याला जे विचारलं गेलं त्याचं त्यानं बरोबर उत्तर दिलं. आपण काय विचारतोय हेच लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

आकडा कुठून येतो

युनिक्स आणि लिनक्सवर कुठलीही प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) संपताना तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसकडे एक आकडा सोपवून जाते. हाच एक्झिट कोड. शेलमध्ये, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तो ० ते २५५ या मर्यादेत असतो. ० म्हणजे काम झालं, बाकी काहीही म्हणजे काहीतरी बिनसलं. काम होण्याचा प्रकार एकच असतो आणि बिनसण्याचे पुष्कळ, म्हणून अपयशाला इतके आकडे राखून ठेवलेत. बॅशमध्ये (लिनक्सवरच्या नेहमीच्या शेलमध्ये) काही आकड्यांचे अर्थ आधीच ठरलेले आहेत: कमांड सापडलीच नाही तर १२७, सापडली पण चालवता आली नाही तर १२६, आणि एखाद्या सिग्नलनं प्रोसेस मारली गेली तर १२८ अधिक त्या सिग्नलचा क्रमांक. कंट्रोल-सी दाबून थांबवलेली कमांड १३० देते ती यामुळेच, कारण तो सिग्नल क्रमांक २ आहे.

शेवटच्या कमांडचा कोड शेलमध्ये $? या जागी मिळतो. तो तिथे फार काळ टिकत नाही. पुढची कमांड चालली की तिचा कोड तिथे येऊन बसतो, मग ती कमांड एक साधा इको (मजकूर छापणारी कमांड) का असेना. त्यामुळे ‘आधी एक संदेश छापू, मग कोड तपासू’ असं केलं की आपण तपासतो तो संदेश छापण्याचा कोड. कोड पुढे लागणार असेल तर लगेच, पुढच्याच ओळीत, स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये घेऊन ठेवायचा.

इतर भाषांतून शेलकडे आलेले लोक आणखी एका ठिकाणी हमखास फसतात. शेलच्या इफपुढे अट येत नाही, कमांड येते. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बोर्न शेल आला तेव्हापासून हे असंच आहे. इफ ती कमांड चालवतो, तिचा कोड बघतो. ० असेल तर देनकडे जातो, नाहीतर एल्सकडे. कमांडनं पडद्यावर काय छापलं याच्याशी इफला काही देणंघेणं नाही. आपण अटीसाठी वापरतो तो चौकोनी कंस [ हीसुद्धा एक कमांडच आहे, टेस्ट या कमांडचं दुसरं नाव. म्हणून तर त्याच्यानंतर जागा सोडावी लागते, आणि न सोडल्यास शेल ‘अशी कमांडच नाही’ म्हणून हात वर करतो.

फाइंड कशाचं उत्तर देतो

फाइंडचा एक्झिट कोड सांगतो की दिलेल्या फोल्डरपासून खाली फिरताना कुठे अडथळा आला का. सगळीकडे नीट फिरून झालं तर ०. वाटेत एखादं फोल्डर उघडता आलं नाही, सुरुवातीचं फोल्डरच अस्तित्वात नसलं, तर शून्याखेरीज काहीतरी, सहसा १. फिरताना आपल्या वर्णनाची एकही फाइल दिसली नाही, हा त्याच्या लेखी अडथळा नाही. रात्रीची गस्त पूर्ण करून आलेला पहारेकरी ‘फेरी झाली’ म्हणतो. कोणी दिसलं का, हे वेगळं विचारावं लागतं.

आता वरची स्क्रिप्ट पुन्हा बघा. /बॅकअप हे फोल्डर नसेल, म्हणजे समजा ती डिस्क जोडलीच गेली नसेल, तर फाइंड १ देतो, इफ खोटं ठरतं आणि जुन्या फाइली वाचतात. फोल्डर आहे पण आजची फाइल नाही, तर फाइंड ० देतो आणि जुन्या फाइली जातात. ज्या एका प्रसंगासाठी तपासणी लिहिली, नेमका तोच प्रसंग ती पकडत नाही. अगदी फोल्डर पूर्ण रिकामं असलं तरी उत्तर ०.

उलट बाजूही आहे, आणि ती जास्त चिडवते. फाइल सापडते, तिचा पत्ता पडद्यावर छापलाही जातो, पण त्याच झाडात कुठेतरी परवानगी नसलेलं एक उपफोल्डर असतं. फाइंड ‘परवानगी नाही’ असं कुरकुरतो आणि शेवटी १ देतो. म्हणजे फाइल मिळूनही कोड अपयशाचा. पुष्कळ जण यावर २>/डेव्ह/नल लावून मोकळे होतात. त्यानं कुरकुर ऐकू येत नाही एवढंच. कोड १ तो १च राहतो. फाइंड फिरत असताना दुसऱ्या कोणी तात्पुरत्या फाइली पुसल्या तरी हाच प्रकार होऊ शकतो. गजबजलेल्या फोल्डरात स्क्रिप्ट ‘कधी चालते, कधी चालत नाही’ अशी तक्रार आली तर पहिला संशय इथे घ्यावा. जीएनयूच्या (लिनक्सवर सहसा असतो त्या) फाइंडमध्ये अशा गायब होणाऱ्या फाइलींकडे काणाडोळा करायला -इग्नोर_रीडडिर_रेस हा पर्याय आहे.

ग्रेपची रीत वेगळी

ग्रेप फाइलींच्या आतला मजकूर शोधतो, आणि त्याच्या कोडला तीन अर्थ आहेत. ० म्हणजे निदान एक ओळ जुळली. १ म्हणजे सगळं वाचलं, पण काही जुळलं नाही. २ म्हणजे वाचतानाच अडचण आली: फाइल नाही, परवानगी नाही, किंवा शोधाचा साचाच चुकीचा लिहिलाय.

‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ यांच्यात ग्रेप फरक करतो, आणि माझ्या मते शोध घेणाऱ्या कुठल्याही साधनानं असंच वागायला हवं. डिफसुद्धा याच वळणावर आहे: फाइली सारख्या तर ०, वेगळ्या तर १, तुलनाच करता आली नाही तर २. मजकूर शोधणारा नवा रिपग्रेपही ०, १, २ याच ओळीनं जातो. फाइंडच्या पठडीतलं नवं साधन एफडी. त्याला --क्वाएट सांगितलं तर ते काही छापत नाही, मिळालं तर ० आणि नाही मिळालं तर १ देतं.

लोकेटचं काम आणखी निराळं. ते डिस्कवर शोधतच नाही, आधी तयार करून ठेवलेल्या यादीत शोधतं. सापडलं तर ०, नाही तर १. पण ती यादी कालची असू शकते. सकाळी पुसलेल्या फाइलसाठी दुपारी लोकेट खुशाल ० देतं. माणसानं टर्मिनलवर बसून वापरायला लोकेट झकास आहे, स्क्रिप्टमधल्या निर्णयासाठी नाही.

ग्रेपच्या -क्यू पर्यायाची एक खुबी लक्षात असू द्या. -क्यू दिलं की काही छापलं जात नाही आणि पहिली ओळ जुळताच ग्रेप ० देऊन थांबतो. जीएनयूच्या ग्रेपमध्ये तर आधीच्या एखाद्या फाइलला अडचण आलेली असली तरी जुळणी मिळाली की ०च मिळतो. ‘आहे का नाही’ एवढाच प्रश्न असेल तर हे सोयीचं आहे. ‘सगळ्या फाइली वाचल्या गेल्या ना’ हेही हवं असेल तर -क्यू वापरू नका.

आणि -एल, म्हणजे कॅपिटल एलवाला, ज्यानं न जुळणाऱ्या फाइलींची यादी मिळते, त्याच्या कोडवर विसंबूच नका. जीएनयू ग्रेपच्या ३.२ आवृत्तीत त्याचा अर्थ बदलला, आणि लोकांच्या स्क्रिप्ट मोडल्या म्हणून ३.५ मध्ये तो पूर्वीसारखा केला गेला. कुठल्या मशीनवर कुठली आवृत्ती असेल याचा नेम नाही. तिथे कोडऐवजी छापून आलेली यादी रिकामी आहे का ते बघावं.

नाव-गाव ठाऊक असेल तर शोध कशाला

वरच्या स्क्रिप्टमध्ये फाइंडची गरजच नव्हती, हे आता सांगायला हरकत नाही. फाइल कुठे असणार आणि तिचं नाव काय असणार हे ठाऊक होतं. अशा वेळी टेस्ट पुरते:

इफ [ -एफ "/बॅकअप/$आजची_फाइल" ]; देन

-एफ म्हणजे साधी फाइल आहे का, -डी म्हणजे फोल्डर आहे का, -ई म्हणजे काहीही आहे का. बॅकअपसाठी मी -एस घेईन. ते फाइल आहे आणि ती शून्य बाइटची नाही, असं दोन्ही तपासतं. डिस्क भरली की कित्येकदा नाव तयार होतं पण आत काहीच नसतं. अर्धवट लिहिलेली फाइल मात्र -एसलाही चकवते. त्यावर उपाय असा की बॅकअप आधी तात्पुरत्या नावानं लिहायचा आणि पूर्ण झाल्यावरच खऱ्या नावानं हलवायचा.

इथले दोन खड्डे. पहिला अवतरणचिन्हांचा. [ -एफ $फाइल ] असं अवतरणाशिवाय लिहिलं आणि व्हेरिएबल काही कारणानं रिकामं निघालं, तर टेस्टपर्यंत पोचतं फक्त [ -एफ ]. एकच शब्द दिला की टेस्ट ‘हा शब्द रिकामा नाही ना’ एवढंच बघते. -एफ हा शब्द रिकामा नाही. उत्तर: खरं, कोड ०. नाव नसलेली फाइल सापडली! अवतरण घातलं की हा घोटाळा मिटतो.

दुसरा खड्डा असा की टेस्टला ‘नाही’ आणि ‘दिसत नाही’ यांतला फरक कळत नाही. वरच्या फोल्डरात शिरायची परवानगी नसेल तरी ती १च देते. तुटलेल्या सिमलिंकलाही (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या, पण ती फाइलच नसलेल्या) -ई आणि -एफ नाहीच म्हणतात, कारण ते लिंकच्या पलीकडे काय आहे ते बघतात.

खरंच शोधायचं असेल तेव्हा

नाव अर्धवट ठाऊक आहे, फाइल कुठल्या उपफोल्डरात आहे ते ठाऊक नाही, किंवा ‘गेल्या चोवीस तासांत बदललेली’ अशी अट आहे, तर फाइंडला पर्याय नाही. मग फाइंडचा कोड आणि फाइंडनं छापलेलं उत्तर, दोन्ही हातात घ्यायचे.

सापडलेलं=$(फाइंड /बॅकअप -नेम '*.टार' -एमटाइम -१ -प्रिंट -क्विट)
कोड=$?

-क्विट हा पर्याय जीएनयूच्या फाइंडमध्ये आहे. पहिली फाइल मिळताच तो थांबतो. लाखो फाइलींचं झाड असेल तर वेळेत मोठा फरक पडतो. त्यानंतर:

इफ [ -एन "$सापडलेलं" ]; देन
    इको "मिळाली: $सापडलेलं"
एलिफ [ "$कोड" -ईक्यू ० ]; देन
    इको "सगळं बघितलं, नाही"
एल्स
    इको "नीट शोधता आलं नाही, कोड $कोड"
फाय

क्रम मुद्दाम असा ठेवलाय. ‘निदान एक तरी आहे का’ असा प्रश्न असेल आणि एक मिळाली असेल, तर बाकी कुठे परवानगी नाकारली गेली याची फिकीर करायचं कारण नाही. पण प्रश्न ‘सगळ्या फाइलींची यादी’ असा असेल, तर आधी कोड तपासायचा, कारण अर्धी यादी ही पूर्ण यादी समजून पुढे गेलात तर पुढचं सगळंच चुकेल.

हाच तुकडा फंक्शनमध्ये टाकताना बहुतेक जण व्हेरिएबलच्या आधी लोकल लावतात. लोकल सापडलेलं=$(फाइंड …) असं एका ओळीत लिहिलं की $? मध्ये येतो लोकल या कमांडचा कोड, आणि तो ०. फाइंडचा कोड गिळला गेला. एक्सपोर्टचंही तेच. आधी लोकल सापडलेलं ही ओळ, मग पुढच्या ओळीत नुसतं मूल्य भरणं, असं दोन ओळींत लिहा. नुसतं मूल्य भरताना आतल्या कमांडचा कोड जसाच्या तसा बाहेर येतो.

स्क्रिप्टच्या माथ्यावर सेट -ई (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवा, ही सूचना) असेल तर आणखी एक पथ्य. फाइंडनं १ दिला की सेट -ई स्क्रिप्ट तिथेच थांबवेल, कोड=$? या ओळीपर्यंत गाडी पोचणारच नाही. तेव्हा आधी कोड=० लिहून, मग सापडलेलं=$(फाइंड …) || कोड=$? असं जोडून टाकायचं. || मुळे डावीकडची कमांड फसली तरच उजवीकडची चालते, आणि डावीकडच्या कमांडला सेट -ई हात लावत नाही.

पाइपनं जोडलं तर

जिथे तिथे दिसणारी युक्ती म्हणजे फाइंडचं आउटपुट | या चिन्हानं, म्हणजे पाइपनं, ग्रेपला द्यायचं:

इफ फाइंड /बॅकअप -नेम '*.टार' | ग्रेप -क्यू . ; देन

ग्रेपला फक्त एक टिंब दिलंय, म्हणजे ‘निदान एक अक्षर असलेली कुठलीही ओळ’. फाइंडनं एक जरी नाव छापलं तरी ग्रेप ० देतो, काहीच छापलं नाही तर १. पाइपलाइनचा कोड म्हणजे तिच्यातल्या शेवटच्या कमांडचा कोड, त्यामुळे इफला आता योग्य प्रश्नाचं उत्तर मिळतं. छोट्या स्क्रिप्टला एवढं पुरतं. किंमत एवढीच की फाइंडचा स्वतःचा कोड वाऱ्यावर गेला: डिस्क जोडलेली नाही आणि डिस्कवर फाइल नाही, दोन्हींना उत्तर १.

मग कोणीतरी सल्ला देतं की बॅशमध्ये पाइपफेल चालू करा, म्हणजे पाइपलाइनमधली कुठलीही कमांड पडली तर एकूण कोड अपयशाचा येईल. सल्ला एरवी चांगला आहे. या ठिकाणी मात्र तो उलटतो. ग्रेप -क्यू पहिली ओळ बघताच निघून जातो. फाइंड अजून नावं छापतोच आहे, पण पाइपच्या दुसऱ्या टोकाला ऐकायला कोणी नाही. अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टिम फाइंडला सिगपाइप नावाचा सिग्नल पाठवते, क्रमांक १३, आणि फाइंड तिथेच मरतो. कोड १२८ अधिक १३, म्हणजे १४१. पाइपफेलला वाटतं फाइंड पडला, आणि फाइल सापडलेली असूनही इफ खोटं ठरतं.

यातली खरी डोकेदुखी अशी की हे दर वेळी घडत नाही. दहा-वीस नावं असतील तर ग्रेप जाण्याआधीच फाइंडनं सगळी एका दमात पाइपमध्ये टाकलेली असतात, आणि कोड ० येतो. हजारो नावं झाली की १४१ दिसायला लागतो. म्हणजे लहान चाचणी फोल्डरात सगळं ठीक, आणि भरलेल्या सर्व्हरवर ‘फाइल नाही’. पाइपफेल ठेवायचाच असेल तर या तपासणीपुरता -प्रिंट -क्विट वापरून फाइंडलाच एका नावावर थांबवा. लिहायला काही उरलंच नाही तर सिगपाइप येणार कुठून. किंवा पाइप टाळून वरची $( ) वाली पद्धत घ्या. मला तीच जास्त भरवशाची वाटते.

बॅशमध्ये पाइपलाइनमधल्या प्रत्येक कमांडचा कोड पाइपस्टेटस या अ‍ॅरेमध्ये मिळतो. तो पण $? सारखाच अल्पायुषी. लगेच उचलून ठेवला नाही तर पुढच्या कमांडबरोबर गेला.

सापडलेल्या फाइलींवर काम करताना

फाइंडला -एक्झेक देऊन प्रत्येक फाइलवर कमांड चालवता येते. शेवटी \; लिहिलं तर प्रत्येक फाइलसाठी कमांड वेगळी चालते, आणि ती पडली तरी फाइंडच्या कोडवर त्याचा परिणाम होत नाही. शंभर फाइलींची कॉपी शंभर वेळा फसली तरी फाइंड शेवटी ० देऊ शकतो. शेवटी + लिहिलं तर अनेक फाइली एकदम कमांडला दिल्या जातात, आणि एकही फेरी अपयशी ठरली तर फाइंडचा कोड शून्य राहत नाही. + वेगासाठी वापरतात असं सगळे सांगतात, पण कोड हे त्याहून मोठं कारण आहे.

एक्सआर्ग्ज आलेली नावं तुकड्यातुकड्यानं दुसऱ्या कमांडला देतो, आणि त्याचा स्वतःचा हिशोब आहे. त्यानं चालवलेल्या कमांडपैकी कुठलीही १ ते १२५ मधला कोड देऊन संपली, तर जीएनयूचा एक्सआर्ग्ज १२३ देतो. त्यातून एक गंमत होते. फाइंडनं दिलेल्या हजारो फाइलींत एक्सआर्ग्जमार्फत ग्रेप चालवला आणि फाइली दोन तुकड्यांत विभागल्या गेल्या. पहिल्या तुकड्यात शब्द मिळाला, दुसऱ्यात नाही. दुसरा ग्रेप १ देतो, आणि एक्सआर्ग्ज म्हणतो १२३. शब्द मिळाला की नाही, हे या १२३ वरून कळत नाही. ग्रेपचा १ आणि ग्रेपचा २ त्यात एक झालेत. अशा वेळी ग्रेपला -आर देऊन फोल्डरच सोपवावं, म्हणजे एकच ग्रेप, एकच कोड.

एलएस *.टार चालवून कोड बघणारेही पुष्कळ आहेत. एकही फाइल नसेल तर शेल *.टार हा साचा तसाच एलएसला देतो, त्या नावाची फाइल एलएसला सापडत नाही, आणि जीएनयूचा एलएस २ देतो. चालतं, पण आडवळणानं. त्याच कारणानं फॉर लूप मात्र फसतो: फाइल नसताना तो एकदा फिरतोच, आणि व्हेरिएबलमध्ये असतं *.टार हे नाव. बॅशमध्ये नलग्लॉब चालू केलं तर लूप फिरत नाही; साध्या शेलमध्ये लूपच्या आत पहिल्या ओळीला [ -ई "$फाइल" ] || कंटिन्यू लिहायचं.

‘नाही’ हे उत्तर गिळू नका, पण सगळं गिळूही नका

सेट -ई असलेल्या स्क्रिप्टमध्ये ग्रेपनं १ दिला की स्क्रिप्ट बंद पडते, हे पहिल्यांदा अनुभवलं की माणूस पुढच्या वेळेपासून प्रत्येक ग्रेपमागे || ट्रू लावायला लागतो (ट्रू ही नेहमी ० देणारी कमांड). त्यानं १ तर झाकला जातोच, पण २ सुद्धा झाकला जातो. फाइल गायब झाली, साचा चुकला, तरी स्क्रिप्ट पुढे. त्याऐवजी असं लिहिता येतं:

ग्रेप 'एरर' "$लॉग" || [ $? -ईक्यू १ ]

ग्रेप ० देऊन गेला तर उजवी बाजू चालतच नाही. १ दिला तर टेस्ट खरी ठरते आणि सगळ्या ओळीचा कोड ० होतो. २ दिला तर टेस्ट खोटी, ओळीचा कोड १, आणि सेट -ई आपलं काम करतो.

उद्गारचिन्हाबाबतही जपून. इफ ! ग्रेप …; देन असं लिहून देनच्या आत $? बघितला तर तिथे नेहमी ० दिसतो, कारण ! नं उलटा केलेला कोड तो. मूळ कोड १ होता की २, हे तिथे कळायचा मार्ग उरत नाही. मूळ कोड हवा असेल तर ! न लावता इफ-एल्स लिहावं आणि एल्सच्या पहिल्याच ओळीत $? उचलावा.

आपली स्क्रिप्ट दुसरं कोणी वापरणार असेल तर तिनंही ग्रेपचीच रीत ठेवावी: मिळालं ०, नाही १, शोधताच आलं नाही तर २. किती फाइली मिळाल्या हा आकडा एक्झिट कोडमधून पाठवण्याचा मोह होतो, तो आवरा. तीन फाइली मिळाल्या म्हणून एक्झिट ३ केलं की बाहेरच्या इफच्या लेखी ते अपयश. आणि कोडचे फक्त शेवटचे आठ बिट पुढे जातात, त्यामुळे २५६ चा ० होतो आणि २५७ चा १. संख्या छापून पाठवा, कोड निर्णयासाठी ठेवा.

तपासणी चालते का हे बघायला चार फोल्डर पुरतात. एकात हवी ती फाइल ठेवा. दुसरं रिकामं ठेवा. तिसऱ्याचा फक्त पत्ता द्या, प्रत्यक्षात ते बनवूच नका. चौथ्यात फाइल ठेवा, पण ती एका उपफोल्डरात ठेवून सीएचमॉड ००० नं त्या उपफोल्डराची परवानगी काढून घ्या. पहिल्याला ०, दुसऱ्याला १, उरलेल्या दोघांना २ यायला हवा. बहुतेक स्क्रिप्ट दुसऱ्या फोल्डरात किंवा चौथ्यात घसरतात. चौथी चाचणी रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवू नका; रूटला परवानगीचा अडथळा लागत नाही, त्यामुळे फाइल सापडते आणि कोड ० येतो. कंटेनरमध्ये बरेचदा आपण न कळत रूटच असतो, तेव्हा तिथे ही चाचणी एखाद्या साध्या वापरकर्त्याच्या नावानं चालवावी.